जुन्या एमएम ५४० ला बोलेरोचे डिस्क बसवतोय, ब्रेक पाइपचा नट आणि होज जुळत नाहीत

शाहूवाडीकर

नमस्कार मंडळी. गाडी वडिलांची, १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०. आम्ही मलकापुरात राहतो, बहीण रत्नागिरीला दिलेली, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी आंबा घाट होतोच. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गेल्या जुलैत साखरप्याच्या बाजूला उतरताना गाडी साचलेल्या पाण्यातून गेली आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर ती उजवीकडे ओढली. एका बाजूचा ड्रम ओला, दुसरा कोरडा. समोरून एसटी येत होती आणि शेजारी आई बसली होती. ड्रायव्हरने वेळेवर बाजू दिली म्हणून आज लिहितोय. त्याच दिवशी ठरवलं, पुढे डिस्क बसवायचे.

बोलेरोचा पुढचा सेट मिळाला. नकल (चाक वळवणारा सांधा), हब, डिस्क, कॅलिपर (डिस्कला पॅडनी दाबून धरणारा चिमटा), होज (ब्रेकची रबरी नळी), सगळं एकाच गाडीचं. चाकाचे पाच बोल्ट जुळले, रिम कॅलिपरला घासत नाही. इथवर निर्वेध आलो आणि बोटाच्या पेराएवढ्या नटाशी अडलो.

चेसीवरून येणारा लोखंडी ब्रेक पाइप जुना आहे, त्याचा नट बोलेरोच्या होजमध्ये घालायचा आहे. नट हातानेच आत जातो, पण धरून हलवला तर डुगडुगतो. पान्याने मात्र घट्ट लागतो. मेस्त्री म्हणाले आटे थोडे झिजलेत, टेप मारून बसवू. टेफलॉन टेप गुंडाळून बसवला, तेलातली हवा (एअर) काढली, पेडल छान वर आलं. अंगणात चार चकरा मारून गाडी लावली. सकाळी डाव्या चाकाच्या आत ताटलीएवढा ओला डाग. नट सोडवून बघितला तर आट्यांच्या फक्त टोकांवर चकचकीत रेघ आहे, खाली आटा काळाच.

दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, सगळ्या गाड्यांना दहाचाच नट येतो, तुमचा खराब झालाय. दुसऱ्याने एसीच्या कामाची तांब्याची गुंडाळी काढली आणि म्हणाला ही टाका, कुठेही वळते. मला पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येईना. कोणी हे काम स्वतः केलं असेल तर सांगा. अडॅप्टर मिळतो का? की सगळे पाइप बदलावे लागतील?

घाटमाथा_चिपळूण

सगळे पाइप बदलायची गरज नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात जा, लेथवर पितळी अडॅप्टर करून देतात, तासाभराचं काम. एका बाजूला जुने आटे, दुसऱ्या बाजूला नवे. तांब्याचा पाइपही चालतो, आमच्या भावकीतल्या एका जीपला बरीच वर्षं आहे. होज कॅलिपरला धरणारा पोकळ बँजो बोल्ट कमी पडला तर मोटरसायकलचा बसतो.

उद्यमनगर_लेथ

शाहूवाडीकर, आधी ती गाडी हलवू नकोस. चाकाला दगड लाव, मग पुढचं वाच. चिपळूणकर, तुमच्यावर राग नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. का ते सांगतो. एकतीस वर्षं लेथवर आहे, त्यातली निम्मी गाड्यांच्या कामात गेली.

तुझा नट झिजलेला नाही. ते दोन वेगळ्या घराण्यांचे आटे आहेत. आपली जीप मुळात अमेरिकन विलीजच्या वंशातली, तिचा कारभार इंचात. दीड सुताच्या, म्हणजे ३/१६ इंची ब्रेक पाइपवर तिथे तीन सुताचा नट येतो, इंचाला २४ आटे. जपानी आणि युरोपियन पद्धतीत त्याच जाडीच्या पाइपवर १० मिलिमीटरचा नट येतो, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर. आता हिशेब कर. तीन सूत म्हणजे ९.५२ मिलिमीटर. इंचाला २४ म्हणजे पिच १.०६ मिलिमीटर. नट अर्ध्या मिलिमीटरने बारीक, म्हणून तो दहाच्या भोकात डुगडुगत जातो आणि आटे एकमेकांना फक्त टोकांनी धरतात. तुला दिसलेली चकचकीत रेघ तीच. पिचमधला फरक दर आट्याला साठत जातो, आठ आटे झाले की जवळजवळ अर्ध्या आट्याएवढा होतो आणि नट तिथे अडतो. हाताला वाटतं आवळला, प्रत्यक्षात तो तिरपा होऊन रुतलेला असतो.

उलटं केलं, म्हणजे दहाचा नट तीन सुताच्या भोकात घातला, तर एक-दीड आट्यात अडतो. पान्याला नळी लावून जोर केला तर आत जातोही, पण समोरचे आटे कापत जातो. मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबल्यावर पाइपात तेल ढकलणाऱ्या सिलिंडरला, हे झालं तर मास्टर टाकून द्यायचा.

टायरमध्ये आपण ३० पौंड हवा भरतो. घाबरून ब्रेकवर पाय दिला की या बारीक पाइपात हजार-दीड हजार पौंडांचा दाब चढतो. टोकांवर धरलेले आटे अंगणातल्या चार चकरा काढतात. घाटात ते सुटतील तेव्हा पेडल एकदम फळीला लागेल.

टेपबद्दल. नळाच्या कामात पाणी आट्यांतच अडवायचं असतं म्हणून टेप लागतो. ब्रेकच्या जोडात आट्यांचं काम एवढंच की पाइपचं फुलवलेलं तोंड समोरच्या सीटवर दाबून धरायचं. तेल अडतं ते तोंड आणि सीट यांच्यामधल्या धातूच्या गोल रेघेवर. तिथे टेप पोचतच नाही. त्याची कातरण मात्र आत जाते आणि मास्टरमधलं सुईएवढं भोक बुजवते. त्या जोडातला टेप काढ, पाइप आणि होज दोन्ही धुऊन घे.

आता मोजायचं कसं. व्हर्निअर (जाडी मोजायचं) आणि पिचगेज (आट्यांचं अंतर मोजायचं) असेल तर दोन मिनिटांचं काम. पिचगेज नसेल तर खात्रीचा एक दहाचा नट आण आणि दोन्ही नटांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धर. एकाच पिचचे असतील तर मधून उजेड येत नाही. वेगळे असतील तर पहिल्या तीन-चार आट्यांना बरोबर दिसतील आणि पुढे फट वाढत जाईल. वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच करायला लावतो, कारण एकदा ती फट डोळ्यांनी बघितली की परत कोणी "दहाचाच आहे" असं अंदाजाने म्हणत नाही.

गाडीच्या नावावरून नट आणू नकोस. तीस वर्षांच्या गाडीत मधे कोणी काय बदललंय ते देवाला ठाऊक. प्रत्येक जोड वेगळा मोज.

आट्यांइतकंच महत्त्वाचं पाइपचं तोंड. दोन जाती आहेत. डबल फ्लेअरमध्ये पाइपचं टोक आत दुमडून कर्ण्यासारखं उघडलेलं असतं, ४५ अंशात. बबल फ्लेअरमध्ये टोक मण्यासारखं फुगलेलं असतं. टॉर्च घेऊन भोकात बघ. तळाशी मधोमध शंकू वर आलेला दिसला तर डबल फ्लेअर. तळ ड्रिल मारल्यासारखा खोल उतरत गेला असेल तर बबल. नटही वेगळे असतात. बबलच्या नटाला पुढे थोडा भाग बिनआट्याचा असतो आणि तोंड सपाट, डबलच्या नटाचं तोंड आतून तासलेलं. आटे जुळले आणि तोंड चुकलं तरी गळणारच. पाइप बदलेपर्यंत माणूस नट आवळत बसतो, इथे फार वेळ आणि सामान वाया जातं.

आता अडॅप्टर. बाजारात चांगले तयार अडॅप्टर मिळतात, पण तुला त्याची गरजच नाही, आणि लेथवर तर करून घेऊच नकोस. हे लेथवाला सांगतोय.

१९९८ साली मी एका टेम्पोला असाच पितळी तुकडा करून दिला होता. आटे दोन्हीकडचे सुरेख मारले होते. आतली सीट मात्र साध्या ड्रिलच्या टोकाने केली. साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं, पाइपचं तोंड ९० अंशांच्या वर आलेल्या शंकूवर बसणारं. दोन्हींचा स्पर्श झाला तो एका केसाएवढ्या कडेवर. दोन महिने काही झालं नाही. पन्हाळ्याच्या उतारावर त्या जोडातून तेल गेलं. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, हात मोडला त्याचा. तो माझ्या दुकानात आला तेव्हा एक शब्द बोलला नाही, फक्त तो पितळी तुकडा टेबलावर ठेवला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हापासून ब्रेकसाठी मी आटे मारत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.

गरज का नाही ते बघ. दीड सूत म्हणजे ४.७६ मिलिमीटर, आणि मेट्रिकवाल्यांचा पाइप ४.७५. पाइप एकच आहे! वेगळे आहेत ते फक्त नट आणि तोंड. म्हणजे नवा पाइप घ्यायचा, त्यात एका टोकाला तीन सुताचा नट घालायचा, दुसऱ्या टोकाला दहाचा, आणि ज्या भोकात जायचंय त्या जातीचं तोंड त्या टोकाला काढायचं. मधला जोडच राहत नाही. जेवढे जोड कमी तेवढ्या गळायच्या जागा कमी. नट मात्र तोंड काढायच्या आधी पाइपात घाल, दोन्ही नट, एकमेकांकडे पाठ करून.

तांबं का नको. फ्रिज-एसीचा तांब्याचा पाइप मऊ असतो म्हणून हाताने वळतो. इंजिनच्या आणि रस्त्याच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस नटाच्या मागे, बरोबर जिथे फुलवलंय तिथे, गोल चीर जाते. भावकीतली जीप इतकी वर्षं चालली याचा आनंद आहे, पण पुढच्या घाटाची हमी त्यात नाही. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा पाइप मिळतो, साधारण ९० भाग तांबं आणि १० भाग निकेल. तो दिसायला तांब्यासारखाच, पण गंजत नाही आणि ब्रेकसाठीच बनवलेला असतो. तो मिळाला तर उत्तम. नाहीतर दुहेरी पापुद्र्याचा पोलादी ब्रेक पाइप घे, वरून लेप असलेला. कोकणात उतरणाऱ्या गाडीला खारं वारं लागतं, लेप नसलेला पोलादी पाइप लवकर गंजतो.

बँजो बोल्ट मोटरसायकलचा नको. पुष्कळ बाइकना १० मिलिमीटर जाडीचाच बोल्ट असतो पण पिच १.२५ असतो. ज्या कॅलिपरचा बोल्ट त्यालाच. वॉशर दोन, बँजोच्या वर एक आणि खाली एक, दरवेळी नवे.

आता मला दोन गोष्टी सांग. मास्टर सिलिंडरमधून पाइप किती निघतात? आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आहे का?

शाहूवाडीकर

काका, पोस्ट तीनदा वाचली. गाडीला दगड लावले आहेत.

आज शाळेतून आल्यावर गाडीखाली झोपून एकेक जोड मोजला. व्हर्निअर आमच्या विज्ञानाच्या सरांकडून आणला, पिचगेज पंपसेट दुरुस्तीवाल्याकडून. निघालं ते असं. चेसीवरचे सगळे पाइप आणि मागचा टी (एका पाइपाचे दोन फाटे करणारा जोड) तीन सुताचे, इंचाला २४. बोलेरोचा होज दहाचा, पिच १. आणि मास्टर सिलिंडरही दहाचा! मग मास्टरकडून निघालेला पाइप जुन्या पाइपांना कसा जोडलाय म्हणून बघत गेलो तर चेसीच्या आडव्या पट्टीमागे दोन अडॅप्टर सापडले, वर तेलकट मातीचा थर. आईला विचारलं तेव्हा आठवलं, २००८ मध्ये वडिलांनी मास्टर आणि बूस्टर बदलून घेतला होता. पाइप दोन निघतात, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. इंजिन डिझेल असल्याने अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे, बूस्टर त्यावरच चालतो.

वडील २०१७ मध्ये गेले. ती गाडी इतकी वर्षं त्या दोन जोडांवर घाट उतरत होती हे मला माहीतच नव्हतं. एक अडॅप्टर पितळी आहे. त्याच्या खालच्या बाजूला ओल आहे.

टॉर्चने भोकांत बघितलं. मास्टरमध्ये आणि होजमध्ये दोन्हीकडे शंकू वर आलेला दिसतो, म्हणजे डबल फ्लेअर. बरोबर ना?

उद्यमनगर_लेथ

बरोबर. आणि फार बरं केलंस की मागे जाऊन बघितलंस. ते दोन्ही अडॅप्टर काढून टाक. पुढचं सोपं झालं. पुढच्या चाकांचे पाइप मास्टरपासून होजपर्यंत पूर्ण नवे, दोन्ही टोकांना दहाचे नट, मधला तीन तोंडांचा टी पण दहाचाच घे. मागे जाणारा लांब पाइप एकच नवा टाक, मास्टरकडे दहाचा नट, मागच्या होजकडे तीन सुताचा. मागचं बाकी जुनं राहू दे, आधी गंज बघ.

तोंड काढायचं हत्यार भाड्याने मिळत असेल तर स्वतः कर, तुझा हात सावकाश दिसतो. पाइप हॅक्सॉने कापू नकोस, चाकाच्या कटरने काप. आतली धार घासून काढ. साच्यात पाइप किती बाहेर ठेवायचा ते हत्याराच्या बटणाच्या कडेएवढं, ना कमी ना जास्त. आधी बटणाने दाबायचं, मग बटण काढून शंकूने. पहिली पायरी झाल्यावर तोंड मण्यासारखं दिसतं, काही जण त्यालाच बबल फ्लेअर समजून तसंच बसवतात. बबलचा साचा वेगळा असतो, हे अर्धवट डबल आहे. भंगार तुकड्यावर पाच-सहा तोंडं काढ. भिंगातून बघ. कडेला चीर किंवा एका बाजूला कललेलं असेल तर कापून टाक आणि परत काढ. पाइपाला पैसे पडतात म्हणून वाकडं तोंड ठेवू नकोस.

नट आवळायला साधा फिक्स पाना नको, कोपरे खातो. ब्रेक पाइपसाठी फट असलेला रिंग पाना मिळतो तो घे. पहिले तीन-चार आटे फक्त बोटांनी. बोटांनी गेला नाही तर काहीतरी चुकलंय. टॉर्क पाना असेल तर १५-१६ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतो. नंतर गळलं तर एकदा सैल करून परत आवळ, तोंड सीटवर नीट बसतं. दोनदा करून गळलं तर पाइप उतरव आणि तोंड बघ.

ब्रेकटेस्ट_चाकण

मी ब्रेकच्या चाचण्यांच्या कामात आहे. काकांनी जोडांचं सगळं सांगितलंय, एक गोष्ट जोडतो. तो २००८ चा मास्टर चारही ड्रमवाल्या गाडीचा असू शकतो. तसा असेल तर पाइप कितीही चांगले बसवले तरी त्रास होईल.

ड्रमच्या काही मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब कायम राखणारी झडप असते, साधारण १० पौंडांची, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबर पसरून राहतात आणि हवा शिरत नाही. ड्रममध्ये स्प्रिंग लायनर मागे ओढते, त्यामुळे एवढा दाब चालतो. डिस्कमध्ये मागे ओढणारी स्प्रिंग नसते, पिस्टनची रबरी रिंग त्याला केसभर मागे घेते, बस. त्या १० पौंडांनी पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, आणि घाटाच्या मध्यावर तेल उकळायला लागतं.

तपासायची पद्धत साधी आहे. पुढचं चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर कॅलिपरचं हवा काढायचं निपल जरा सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं तर दाब राहतोय. मग लगेच मास्टरला दोष देऊ नका. आधी मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट किंचित सैल करून परत बघा. त्याने चाक मोकळं झालं तर बूस्टरचा दांडा मास्टरच्या पिस्टनला आधीच टेकतोय, तो थोडा कमी करायचा. त्यानेही झालं नाही तर झडप आहे, मास्टर बदला.

कॅलिपरच्या पिस्टनला ड्रमपेक्षा जास्त तेल लागतं, म्हणून मास्टरची बरणीही पुरेशी हवी. पॅड झिजतील तसं तेल खाली जातं. तेल डॉट ४ घाला. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. ओलावा शोषल्यावर तेच १४० आणि १५५ धरायचे. आंबा घाटात पाऊस बघता तेल दोन वर्षांनी बदललंच पाहिजे. सिलिकॉनवालं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

आणि असे बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, पासिंगच्या वेळी अडचण नको.

शाहूवाडीकर

दोन रविवार गेले, काम झालं. जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

तांबं-निकेलचा पाइप मला मिळाला नाही. लेप असलेला पोलादी घेतला. हत्यार काकांनीच दिलं, मी उद्यमनगरात जाऊन आणलं. त्यांनी ड्रॉवर उघडून तो पितळी तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी माझा पट्टीमागचा अडॅप्टर खिशातून काढून त्याच्या शेजारी धरला. दोन्हींच्या आत ड्रिलच्या टोकाची तीच खूण. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा माझ्या हातचा नाही, पण माझ्यासारख्याच कोणाच्या तरी हातचा आहे."

भंगार पाइपावर नऊ तोंडं काढली, सहावं पहिल्यांदा सरळ आलं. गाडीसाठी एकूण आठ लागली, त्यातली दोन कापून परत काढली. नट आता बोटांनी तळापर्यंत जातात, डुगडुग नाही. पहिला नट तसा गेला तेव्हा जुना नट कसा जात होता ते हाताला लगेच आठवलं. दोन्ही इतके वेगळे लागतात की एकदा बरोबर नट फिरवलेला माणूस चुकीचा ओळखल्याशिवाय राहणार नाही.

एअर काढताना अडलो. चारही चाकांची काढली, अर्धा लिटर तेल गेलं, पेडल तरी स्पंजासारखं. संध्याकाळी बॅटरी घेऊन कॅलिपर बघत बसलो तेव्हा कळलं, निपल खालच्या बाजूला आहे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता मी. हवा वर, निपल खाली, ती निघणार कशी! अदलाबदल केली, वॉशर पुन्हा नवे घातले, निपल वर आलं. दहा मिनिटांत पेडल दगडासारखं.

होज बसवल्यावर चाकं दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघितली, मग चेसी जॅकवर उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवून परत वळवली. उजवा होज स्प्रिंगच्या यू बोल्टला टेकत होता. क्लिपची जागा बदलली.

चाकणच्या दादांची चाचणी केली. चाक जड फिरलं! निपल सैल केलं, तेल उडालं, चाक मोकळं. छातीत धस्स झालं, मास्टरचा खर्च डोळ्यांसमोर आला. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे बूस्टरवरचे नट सैल केले आणि परत ब्रेक दाबून सोडला. चाक अलगद फिरलं. दांडाच लांब होता. तो कमी केला.

इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण ताकदीने दोन मिनिटं दाबून धरलं. भावाने प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा धरला होता. अकरा तुकडे, सगळे कोरडे. ते अंगणात ओळीने मांडले आणि आईला दाखवले.

पाऊस पडून गेल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर चाचणी घेतली, कमी वेगात. पुढची चाकं आधी अडतात, मागची नंतर, गाडी सरळ रेघेत थांबते. दोन्ही बाजूंच्या टायरचे व्रण चिखलात समांतर उमटले होते. घाटात अजून गेलो नाही.

उद्यमनगर_लेथ

घाटात जायच्या आधी शंभर किलोमीटर सपाटीवर चालव, पॅड बसू देत. मग प्रत्येक नटाखाली परत कागद धर. आणि मागचा टी गंजलाय का त्याचा फोटो अजून दिला नाहीस, तो टाक.

शाहूवाडीकर

आजच बघितला. टीच्या खाली पापुद्रे निघतायत, मागच्या डाव्या पाइपाला नटाजवळ खड्डा पडलाय. नखाने खरवडलं तर पोपडा हातात आला. तुमचं हत्यार आणखी एक आठवडा ठेवू का, काका?

उद्यमनगर_लेथ

ठेव. तीन सुताचे चार नट आणि टी मी बाजूला काढून ठेवतो, शनिवारी ये. तोवर गाडी अंगणातच.